मावशीच्या दाढा

आमच्या सोलापूरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मावशीला वगळून आठ दिवसांपूर्वी एक वेगळा ग्रुप निघाला. विषय एकच: तिला कळू द्यायचं नाही. गालाच्या आतली जखम भरत नव्हती, बायोप्सी झाली, रिपोर्ट आला. चाळीस वर्षं मिश्री लावलीय तिनं. आता रेडिएशनआधी किडलेल्या दाढा काढायच्यात आणि ती डेंटिस्टकडे जायलाच तयार नाही. "दुखत न्हाई की, मग काढायची कशाला?" बरोबरच विचारतेय. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, तेव्हा काढलेल्या दाढेची जागा नीट भरत नाही, कधी हाडच सडतं. म्हणून आधी काढायच्या आणि जखम भरायला दहा-पंधरा दिवस द्यायचे. पण हे तिला सांगायचं, तर रेडिएशन हा शब्द उच्चारावा लागतो. तो टाळण्यात आठवडा गेला.

मी ग्रुपवर लिहिलं, सांगून टाका. मावसदादाचं उत्तर आलं: "ती खचेल. तुमच्याकडं चालत असेल तसं. इथं सांभाळायला माणसं आहेत."

ते 'तुमच्याकडं' अजून बोचतंय.

इथं इंग्लंडात, लीड्सला, तीन वर्षांपूर्वी माझ्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला, तेव्हा कन्सल्टंटनं खुर्ची पुढं ओढली आणि सरळ सांगितलं, कॅन्सर आहे. त्यानंतर माझी मी तयारीला लागले. केमोआधी दात तपासून घेतले, हृदयाचा एको केला, फ्लूचं इंजेक्शन घेतलं. वहीत प्रश्न लिहून न्यायची, उत्तर मिळालं की खोडायची. संमतीपत्रावर सही माझी होती. मावशीच्या कागदावर सही कोणाची आहे, दादा?

आणि हे साहेबाच्या देशातलं कौतुक आहे असं कोणी म्हणू नये. बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जातेय. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक लाखाहून जास्त बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. एचपीव्ही, म्हणजे तो कॅन्सर घडवणारा विषाणू, त्याच्या तपासणीनं मृत्यू निम्म्यावर येतात हे त्यातून २००९ साली जगाला कळलं. आज मला इथं जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, बोलावणं येतं ते त्याच तपासणीचं. कॅन्सरचं नाव घेऊन आपल्याच भागातल्या, शेतात राबणाऱ्या बायकांना तपासणीला बोलावता आलं, आणि पाच पोरं वाढवलेली माझी मावशी तेवढी खचणार?

पण दादाच्या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. रिपोर्टच्या दिवशी नर्सनं विचारलं होतं, सोबत कोणी आलंय का? कोणी नव्हतं. बसनं घरी आले आणि कोटही न काढता जिन्यात बसून राहिले.

आणि सोलापूरला मी कोणालाच सांगितलं नाही. आई गेल्यापासून दर रविवारी मावशीला व्हिडिओ कॉल करते. केमोत केस गेले तेव्हा स्कार्फ बांधून बसायची, थंडी आहे म्हणायची. जून महिना होता. तिला त्रास नको म्हणून लपवलं, असं इतके दिवस स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती म्हणाली असती, ये निघून घरी. आणि घर कुठलं, हे मला तिला सांगता आलं नसतं.

परवाच्या रविवारी दादाला न विचारता मी माझं सगळं सांगितलं. माझंच, तिचं नाही. तिच्या मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ती उठली, गॅस बंद केला, परत येऊन बसली.

"मग तवा तुला भाकरी कोण करून देत हुतं?"

"कोणी नाही, मावशी."

बराच वेळ ती पदरानं मोबाइलची काच पुसत राहिली, त्यामुळे मला नुसतं कापड दिसत होतं. मग म्हणाली, "तुझ्या बी दाढा काढल्या का गं त्यांनी?"