कढई आणि करंडक

लेस्टर सिटीने एफए कप ही इंग्लंडमधली फुटबॉल स्पर्धा कशी जिंकली, हे मला विचारू नका. २०२०-२१ च्या त्या मोसमात लेस्टरने या स्पर्धेत एकूण १३ गोल केले आणि त्यातला एकही मी होताना बघितलेला नाही. सगळे ऐकले. हातात घासणी, समोर सिंक आणि पाठीमागे आरडाओरडा.

दोष आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, मुक्काम कोल्हापूर. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील-प्रॅक्टिस या गावच्या संघांचा सामना बघत ज्यांची हयात गेली, त्यांना फुटबॉलबद्दल कुणी काही सांगायचं नसतं. कोविडमुळे तिकडचं मैदान बंद, म्हणून मी राहतो ते लेस्टर, माझं दत्तक गाव, त्यांनीही दत्तक घेतलं. मॅच लागली की व्हिडिओ कॉल. फोन सोफ्याच्या हातावर उशीला टेकवून ठेवायचा, म्हणजे आबांना त्यांच्या टीव्हीबरोबर आमचीही तोंडं दिसतात.

९ जानेवारीला तिसरी फेरी होती. मोठे क्लब या स्पर्धेत तिसऱ्या फेरीतच उतरतात. त्याआधीच्या फेऱ्या गावोगावचे छोटे क्लब ऑगस्टपासून खेळत असतात. आमची मॅच स्टोकशी, त्यांच्या मैदानावर. अर्धा तास काहीच घडेना, म्हणून मी चहा टाकायला उठलो. आधण ठेवतोय तोवर आमच्या जेम्स जस्टिनने गोल मारला. परत येऊन बसलो तर पुन्हा सामसूम. मध्यंतरानंतर दुधाचं पातेलं विसळायला गेलो आणि ऑलब्रायटनचा गोल.

फोनमधून आवाज आला, "आरं, ह्ये बरोबर न्हाई."

"काय झालं आबा?"

"तू बसलास की गोल हुईना. तू उठ बघू. आतच थांब."

मी हसलो. बायको हसली नाही. ती नाशिकची, फुटबॉलशी तिचा सुतराम संबंध नाही. पण रात्रीची भांडी परस्पर मार्गी लागत असतील तर कुठल्याही श्रद्धेचा आदर करावा, असं तिचं मत. मी आत गेलो. पुढे दोन मिनिटांच्या अंतराने आणखी दोन गोल झाले. ४-०. त्या रात्री माझं भविष्य ठरलं.

लीगमध्ये असली अंधश्रद्धा टिकत नाही. ३८ सामने असतात. आज हरलो तर शनिवारी बघू. पण नॉकआउट म्हणजे हरला तो घरी. त्यात त्या वर्षी फेरसामनेही रद्द केलेले. एरवी बरोबरी झाली की पुन्हा एक मॅच असायची, तेवढीही उसंत नाही. त्याच तिसऱ्या फेरीत लीड्ससारखा नावाजलेला संघ इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरच्या क्रॉलीकडून ३-० ने आपटला. जोड्या कशा लावतात, तर भांड्यात नंबर टाकलेले गोळे ठेवतात आणि कुणीतरी पाहुणा हात घालून एकेक काढतो. थेट आपली भिशी. तशीच कुणाला लॉटरी लागते. आठव्या पायरीवरच्या मरीन नावाच्या क्लबला टॉटनहॅमसारखा बडा क्लब आला. मरीनच्या मैदानाला लागून लोकांची परसं आहेत, कुंपणावरून मान काढली की मॅच दिसते. तिथे टॉटनहॅमचे तेव्हाचे प्रशिक्षक मोरिन्हो साहेब संघ घेऊन हजर! प्रेक्षकांना बंदी, म्हणून क्लबने दहा-दहा पौंडांची काल्पनिक तिकिटं विकली, ती ३०,००० च्या वर गेली. मरीन ५-० ने हरलं, पण आधी ०-० असताना त्यांचा एक फटका आडव्या बारवर आदळून आला होता. ही गोष्ट आबांना सांगितली तर म्हणाले, "आत बसायचंच न्हाई तर तिकीट कशाला?" आणि मग थोडं थांबून, "बारला लागला म्हणतोस?" त्यांना बार जास्त लागला.

चौथ्या फेरीत ब्रेंटफर्डने सहाव्या मिनिटालाच आम्हाला गोल चढवला. कारण स्पष्ट होतं : भांडी आधीच धुऊन झाली होती. मध्यंतरात आबांनी तातडीने आज्ञा केली. मी घाईघाईने पोहे परतून कढई मुद्दाम करपवली आणि घासायला घेतली. दुसरा भाग सुरू होऊन सहा मिनिटं होईपर्यंत आमचे दोन गोल झालेले. करपलेल्या कढईची ताकद तेव्हा कळली. पाचव्या फेरीत ब्रायटनविरुद्ध मात्र हाल झाले. भारतात मध्यरात्र उलटून गेलेली, आबा शाल पांघरून जागे, स्कोअर शून्य-शून्य आणि घरात घासायला काही उरलेलं नाही. मी गॅसची शेगडी उचकटली, बर्नर काढले, ते चोळत असताना ९४ व्या मिनिटाला आमच्या इहेनाचोने हेडरने गोल मारला. शेगडी दोन दिवस नीट पेटत नव्हती.

मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवून लेस्टर १९८२ नंतर पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचलं. माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. उपांत्य फेरीत साउदॅम्प्टन आलं आणि मी बंड केलं.

"आबा, ह्याच साउदॅम्प्टनला २०१९ मध्ये आपण त्यांच्या घरात ९-० हरवलंय. तेव्हा मी एक चमचासुद्धा विसळला नव्हता."

"ती लीग हुती," आबा शांतपणे म्हणाले. "लीगमदी घासलं काय आन न घासलं काय."

या युक्तिवादाला उत्तर नाही. ५५ व्या मिनिटाला मी कुकरची शिट्टी पिनने साफ करत होतो. इहेनाचो. १-०.

इथे आमच्या शेजारच्या आजोबांबद्दल सांगायला हवं. अस्सल लेस्टरचे. लेस्टरने याआधी चार वेळा अंतिम सामना गाठला, १९४९, १९६१, १९६३ आणि १९६९ मध्ये, आणि चारही वेळा हरले. शेवटच्याला आजोबा स्वतः लंडनच्या वेम्बली मैदानात होते, तरुण होते. २०१६ मध्ये सट्टेबाजांचा एकाला पाच हजार असा भाव असताना लेस्टरने लीग जिंकली, त्याचं त्यांना कौतुक आहे. पण कपचा विषय काढला की ते हवापाण्यावर बोलायला लागतात. त्यांची मागची काचेची खोली माझ्या सिंकसमोरच्या खिडकीतून दिसते. टीव्हीची पाठ माझ्याकडे, आजोबांचं तोंड माझ्याकडे.

१५ मे. अंतिम सामना, समोर चेल्सी. वेम्बलीत जेमतेम वीस हजार माणसांना प्रवेश, त्यात आजोबांचा नंबर लागला नव्हता. मी सकाळपासून एकही भांडं धुतलं नव्हतं. बायकोने साबुदाणा वडे, भजी असा तेलकट बेत मुद्दाम केला होता. एव्हाना तिचीही श्रद्धा बसली होती. पहिला भाग मी ताटल्यांवर काढला. दुसऱ्या भागात कढई घेतली. तासाभराचा खेळ झाला असेल. सहज मान वर केली तर आजोबा खुर्चीतून अर्धे उठलेले, हात हवेत, तोंड उघडं. बराच वेळ ते तसेच. मग त्यांनी चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले. मागून बायको किंचाळली, फोनमधून आबांनी "नाद खुळा!" अशी आरोळी ठोकली. टीलेमान्सने लांबूनच वरच्या कोपऱ्यात ठेवलेला तो गोल लोक अजून वर्णन करून सांगतात. मी ऐकून घेतो. मी आजोबा बघितले होते.

८९ व्या मिनिटाला भांडी संपली. म्हटलं, आता शेवटची दोन-चार मिनिटं तरी बघू. हात पुसत बाहेर आलो आणि चेल्सीचा गोल झाला. त्यातून चिलवेल, म्हणजे आमच्याकडूनच तिकडे गेलेला गडी. खोलीत शांतता पसरली. बायको माझ्याकडे बघत होती. फोनमधून आबा माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात पडद्यावर व्हीएआरची, म्हणजे पंचांनी व्हिडिओ बघून करायची, तपासणी आली.

"आत!" दोघं एकदम ओरडले.

मी धावलो. रॅकवरची धुतलेली, कोरडी कढई ओढली आणि जीव खाऊन घासायला लागलो. खिडकीपलीकडे आजोबा दोन्ही हातांनी डोकं धरून उभे. मी त्यांच्या हातांकडे बघत घासत होतो. हात खाली आले. ऑफसाइड. गोल रद्द.

लेस्टरचा पहिला एफए कप. आजोबांनी कुंपणावरून मला बिअरचा कॅन दिला. मी साबणाच्या हातानेच घेतला.

पुढच्या जानेवारीत माझ्या भेगा बघून बायकोला दया आली आणि सेलमध्ये तिने डिशवॉशर आणला. ६ फेब्रुवारी २०२२, चौथी फेरी, गतविजेते लेस्टर विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. फॉरेस्ट एक पायरी खालचे आणि पिढीजात दुश्मन. मी पहिल्यांदाच मॅच सोफ्यावर बसून बघितली. ४-१. हरलो. पहिले तीन गोल तर जेमतेम दहा मिनिटांच्या अंतरात खाल्ले.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते मशीन वॉरंटीत हाय न्हवं?"