म्हणे, इम्प्लांट असेल तर मॅमोग्राफी करू नका!

‘ब्रेस्ट इम्प्लांट बसवलेल्या भगिनींनो, सावधान!’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे इम्प्लांट विमानात फुटतात, मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या) दाबाने हमखास फाटतात म्हणून ती करायचीच नाही, त्यांनी कॅन्सर होतो, आणि दहा वर्षांनी बदलावेच लागतात. फिरत फिरत तो माझ्या वहिनीकडे पोचला. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढून तिथे इम्प्लांट बसवलंय. हे वाचून तिने उजव्या बाजूची मॅमोग्राफी रद्द केली. जिथे इम्प्लांटच नाही, त्या बाजूची!

म्हणून आधी तेच. दाबाने इम्प्लांट फाटल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी विरळ. इम्प्लांट आहे हे तंत्रज्ञाला आधीच सांगायचं असतं ते त्यासाठीच. मोठे दिसण्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या स्तनाचे साधारणपणे दोनाऐवजी चार फोटो काढतात. जादा दोन काढताना इम्प्लांट मागे छातीकडे सरकवतात आणि स्तनाचा भाग पुढे ओढून तेवढाच दाबतात, कारण इम्प्लांटआड गाठ लपू शकते. म्हणजे तपासणी उलट जास्त बारकाईने करायची, आणि हे शहाणे ती बंदच करा म्हणतात!

विमानाचं सोडाच. इम्प्लांटमध्ये जेल किंवा सलाइन असतं, हवा नव्हे.

कॅन्सरचं मात्र थोडं मान्य करावं लागतं. बीआयए-एएलसीएल नावाचा दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेल्या आवरणात होतो. तो स्तनाचा कॅन्सर नव्हे, आणि त्याचा संबंध मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी आहे. म्हणून तर 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीचे बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतले गेले. बसवल्यावर काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली तर लगेच दाखवा. पण काहीच त्रास नसताना ते काढून टाका, असं एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्थासुद्धा सांगत नाही.

त्याच एफडीएने 2021 मध्ये इम्प्लांटवर चौकटीतला इशारा सक्तीचा केला: ही वस्तू जन्मभर टिकणारी नाही. पण दहा वर्षांची एक्स्पायरी त्यात कुठेच नाही. सिलिकॉनचं इम्प्लांट आत गुपचूप फाटू शकतं, बाहेरून कळतही नाही. म्हणून 5-6 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, पुढे दर 2-3 वर्षांनी, असा त्यांचा सल्ला आहे. भोवतीचं आवरण आवळून स्तन दगडासारखा घट्ट होणं, दुखणं, पुन्हा ऑपरेशन करावं लागणं, हा खरा नेहमीचा त्रास. फॉरवर्डवाल्यांना त्याचा पत्ताच नाही.

ऑपरेशननंतर मिळालेलं कार्ड फाइलमधून काढून ठेवा. कंपनी आणि मॉडेल त्यावर असतं, आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.