आठ पोरं 'हसत' वाढली नव्हती

चार दिवस झाले, फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. "आपल्या आज्यांनी आठ-आठ पोरं हसत वाढवली, आताच्या शहरातल्या शिकलेल्या बायकांना एक झेपत नाही, करिअरपायी कुटुंब संपत चाललंय." आमच्या काकांनीच टाकला म्हणून गप्प होते, पण आता लिहितेच.

आधी ते 'हसत वाढवली'. आजी निफाडकडची. तिला आठ झाली, जगली पाच. बाकीची कशाने गेली विचारलं की म्हणायची, ताप आला नि गेलं. एकाचं तर बारसंही झालं नव्हतं. आणि उरलेली वाढवली कोणी? थोरल्या आत्याने. तिसरीतच शाळा सुटली तिची, आजी कांद्याच्या वावरात आणि ही घरी, एक भाऊ परकर धरून मागे, धाकटा कडेवर. तो धाकटा म्हणजेच आमचे काका. आत्या आजही कुणाचं बाळ दिसलं की न विचारता डाव्या कडेवर घेते, आणि औषधाच्या पाकिटावरचं नाव मात्र आमच्याकडून वाचून घेते.

आता 'शहरातल्या शिकलेल्या बायका'. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत, शहरात १.५ आणि खेड्यात १.९. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात, म्हणजे खेडीसुद्धा खाली आलीत. १९९२-९३ ला राज्याचा आकडा २.९ च्या आसपास होता. दिंडोरीकडे चार एकर द्राक्षबाग असलेल्या माणसाला विचारा, चार पोरांत वाटणी झाली तर प्रत्येकाला काय उरेल हे त्याला पाठ आहे. शिवाय आपल्याकडे २००१ पासून तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, आणि २००५ च्या नियमाने सरकारी नोकरीलाही तीच अट. मग सगळं खापर बायकांच्या माथी का?

करिअरचं म्हणाल तर, आत्या सहा वर्षांची असताना घरात कामाला दोन हात होती. आता मूल बावीस-तेवीसपर्यंत शिकतं, १४ पर्यंत शाळा तर २०१० पासून कायद्यानेच हक्काची झालीये, आणि हे चांगलंच झालंय. पण त्याचा खर्च नि वेळ कुणीतरी देतंच ना. अंबडच्या एमआयडीसीत नवरा-बायको दोघं शिफ्टला, पोर पाळणाघरात, आजी-आजोबा गावी, अशा घरात दुसऱ्या मुलाचा विचार करताना बाई दहादा थांबते, त्याला स्वार्थ म्हणू नका.

एकटं मूल एकटं पडतं, हे मान्य. आमच्या बिल्डिंगमधे संध्याकाळी खाली खेळायला तीनच पोरं असतात, वाईट वाटतं बघून.

पण कुटुंबाची काळजीच असेल तर मेसेजमधे एक आकडा हवा होता. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे मुली होत्या ८९०. एकच पाहिजे आणि तो मुलगाच पाहिजे, हे करिअरवाल्या सुना एकट्या ठरवत नाहीत, सगळं घर मिळून ठरवतं.