कानारिस जळून मेला नाही हो, पंतप्रधान झाला!

फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज माझ्या भाच्याने शाळेतल्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, म्हणून लिहितोय. मेसेज असा, की कॉन्स्टँटिनोस कानारिस या ग्रीक खलाशाने १८२२ मध्ये पेटतं जहाज तुर्की जहाजावर घातलं, त्यातच जळून मेला, त्यामुळे खिओस या ग्रीक बेटावर तुर्कांनी चालवलेली कत्तल थांबली आणि तुर्की सत्तेखालचा ग्रीस स्वतंत्र झाला. वर शेवटी, ‘मुलांनो, देशासाठी असं मरायला शिका’.

अहो, माणूस त्या रात्री मेलाच नाही! जुन्या जहाजात डांबर, गंधक, बंदुकीची दारू भरायची, अंधारात ते शत्रूच्या जहाजाला नेऊन अडकवायचं, आग लावायची आणि सोबत आणलेल्या होडीत उतरून जीव खाऊन वल्ही मारायची, अशी ती पद्धत. होडी आणायचे ती परत यायलाच ना? मेसेजसोबत जे चित्र फिरतंय ते निकिफोरोस लित्रास या ग्रीक चित्रकाराचं आहे, ते जरा झूम करून बघा. मागे जहाज पेटलंय आणि पुढे होडीतून कानारिस आणि त्याची माणसं निसटतायत. चित्र टाकणाऱ्याने चित्रसुद्धा बघितलं नाही याचा संताप येतो, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांना मरणाचे धडे देताय त्याचा त्याहून जास्त.

कत्तल थांबली हे तर उलटंच. कत्तल सुरू झाली एप्रिलमध्ये, कानारिसने जहाज जाळलं जूनमध्ये. त्यात तुर्की आरमाराचा प्रमुख कारा अली मेला आणि त्याचा सूड म्हणून खिओसच्या दक्षिणेची, तोवर वाचलेली मस्तिकीची (झाडापासून मिळणाऱ्या सुगंधी डिंकाची) गावं तुर्कांनी उद्ध्वस्त केली. त्या जहाजावर पकडून ठेवलेले खिओसचे लोकही होते, तेही जळाले. हे मेसेजमध्ये कुठेय?

स्वातंत्र्याचं म्हणाल तर १८२७ ला ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या नावारिनोला ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं तेव्हा कुठे पारडं फिरलं, आणि मान्यता मिळाली १८३० ला.

धाडस खरं होतं, तेवढं मान्य. पुन्हा तेच करायला तो १८२५ मध्ये थेट इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात घुसला होता, फसलं, पण तिथूनही जिवंत परतला. पुढे १८४४ पासून अनेकदा पंतप्रधान झाला, १८६२ मध्ये ग्रीसचा राजा ओटो याला घालवल्यावर जे हंगामी सरकार आलं त्यातल्या तिघांपैकी एक होता, आणि १८७७ मध्ये ऐंशी ओलांडल्यावर, पंतप्रधानपदावर असतानाच वारला.