कॉलेज डिजिटल करायचंय? आधी कागदाची रिमं मागवा

'सर्व प्राध्यापकांनी आजची हजेरी ईआरपीवर भरून तिची प्रिंट सही-शिक्क्यासह दोन प्रतींत पाच वाजेपर्यंत कार्यालयात जमा करावी. तीच माहिती एक्सेलमध्ये ग्रुपवरही टाकावी.' परवा दुपारी साडेतीनला हा मेसेज आला (ईआरपी म्हणजे कॉलेजच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) आणि खात्री पटली, डिजिटल होण्याची विद्या आमच्या नाशकात काही ठिकाणी पूर्ण आत्मसात झाली आहे. मग बाकीच्यांनी मागे का राहावं? कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या तर झालंच, पण निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या प्राचार्यांनाही उपयोगी पडावी म्हणून ही कृती देत आहे.

सगळ्यात आधी मुहूर्त. खरेदी गरज पाहून करायची नसते, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची, तारीख पाहून करायची असते. तिची तपासणी करणारी पिअर टीम येण्याआधी सहा महिने ही उत्तम वेळ. ई-गव्हर्नन्सच्या निकषात प्रशासन, हिशेब, प्रवेश आणि परीक्षा अशी चार खाती विचारतात आणि पुरावा म्हणून स्क्रीनशॉट चालतात. तेव्हा लॉगिनचं पान आकर्षक असलेलंच सॉफ्टवेअर निवडावं. लॉगिननंतर काय होतं, यासाठी रकाना नाही.

मग वर्गातलं टचस्क्रीन पॅनेल. पंच्याहत्तर इंचीच घ्या. ते फळ्याच्या बरोबर मध्यभागी ठोका, म्हणजे फळाही वापरता येणार नाही. समोरच्या खिडकीला पडदा लावायचा नाही. एका मॅडमना हात वर करून उभं करा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ फोटोवर उमटेल असा जिओटॅग फोटो काढा आणि पॅनेलच्या लाकडी पेटीला कुलूप घाला. किल्ली शिपायाकडे. शिपाई रजेवर.

ज्या वर्गांत जुने प्रोजेक्टर आहेत, तिथे टेबलापासून छतापर्यंत वीस मीटरची साधी एचडीएमआय केबल पट्टीत बंद करून टाका. साधी केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, पुढे अ‍ॅक्टिव्ह केबल किंवा कॅट-सिक्सवरून चालणारा एक्स्टेंडर लागतो. पण ती ओळ टेंडरमध्ये घातली की खर्च वाढतो आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराची निविदा, बदलते, म्हणून घालू नये. नंतर पडद्यावर 'नो सिग्नल' आलं की 'प्राध्यापकांची तंत्रज्ञानाबाबत उदासीनता' असा शेरा मारायला आपण मोकळे.

वायफायसाठी पन्नास एमबीपीएस पुरे. नॅकच्या जुन्या मॅन्युअलमध्ये ती सगळ्यात वरची पायरी होती. दोन हजार विद्यार्थ्यांनी एकदम वापरलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस केबीपीएस येतात. पासवर्ड कोणाला सांगितलाच नाही, तर तो प्रश्नही उरत नाही.

प्रशिक्षण एका दुपारी उरकावं, चहा-समोशासह, सही घेऊन.

आता मुख्य पदार्थ, ईआरपी. दर तीन वर्षांनी कंपनी बदलणं उत्तम. करार करताना जुना डेटा नव्या कंपनीला कोणत्या स्वरूपात मिळेल, हा विषय काढू नका, चांगलं दिसत नाही. जुनी कंपनी जाताना पीडीएफ देते. ते नीट बाइंड करून कपाटात ठेवावं. नवी कंपनी म्हणते, 'सर, एक्सेल द्या, आम्ही अपलोड करतो.' मग एक्सेल बनवण्याचं काम प्राध्यापकांकडे येतं आणि खरी मजा तिथे सुरू होते. जुन्या सिस्टिमने विद्यार्थी ओळखला रोल नंबरवरून. रोल नंबर दरवर्षी बदलतो, पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, बदलत नाही, पण पीआरएनचा रकाना अर्ध्या ठिकाणी रिकामा. म्हणजे एफवायचा बारा आणि एसवायचा बारा ही दोन वेगळी मुलं एकाच नावाखाली नांदणार. मराठी नावं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, युनिकोडमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. जन्मतारीख ०५/०८/२००४ असेल तर एक्सेल आपल्या मर्जीने पाच ऑगस्टचा आठ मे करतं. आणि अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा कायमचा क्रमांक, बारा अंकी! सेल टेक्स्ट करून ठेवला नसेल तर तो १.२३४५७ई+११ असा दिसू लागतो. ती फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, सेव्ह केली की मागचे अंक कायमचे गेले. दिसायचे बंद झाले असं नव्हे, गेलेच. हे सगळं एका माणसाने, एकदाच, अपलोडच्या आधी एका कोऱ्या टेम्प्लेटमध्ये ठरवून दिलं असतं तर टळलं असतं. पण तो माणूस नेमायला पद मंजूर लागतं. मंजूर पद भरायला काय लागतं, ते या राज्यात कोणाला सांगायची गरज नाही.

म्हणून ईआरपीचा समन्वयक नेहमी तासिका तत्त्वावरचा नेमावा. अ‍ॅडमिनचा लॉगिन त्याच्या खासगी जीमेलवर काढावा आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर यावा. मार्चअखेर त्याची नेमणूक संपते, मानधन अजून निघालेलं नसतं, आणि जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की आपण त्याला फोन करतो, 'सर, जरा ओटीपी सांगता का?' तो सांगतो, हे त्याचं मोठेपण.

अपारचं शिबिर तर जरूर घ्या. 'तीन दिवसांत शंभर टक्के' असं फर्मान काढावं. डिजिलॉकरमध्ये खातं आधारवरून पडताळलं जातं. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, वर आईचं नावही. एका अक्षराचा फरक निघाला तरी जुळणी अडते. सुरगाण्या-पेठेकडून पहाटेच्या एसटीने आलेल्या पोराचा आधारला जोडलेला नंबर वडिलांच्या बंद पडलेल्या सिमचा असतो, ओटीपी येणार कुठे? त्याला आधार केंद्रावर पिटाळायचं, मोबाइल बदलायला पैसे आणि एक दिवस त्याचा. तोपर्यंत यादीत त्याच्यापुढे लाल रंग. आणि टक्केवारी कमी का, हे विचारायचं कोणाला? वर्गशिक्षकाला!

गंमत म्हणजे ज्या शहरात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ उभं आहे, जिथे वर्गात न बसवताही माणूस पदवीपर्यंत नेता येतो हे पोस्टाने पुस्तकं पाठवण्याच्या काळात करून दाखवलं गेलं, तिथे आपण एका हजेरीच्या तीन प्रती काढतोय.

नाही, आता गोड बोलणं पुरे झालं. अहो, ऑनलाइन हजेरी भरली की रजिस्टर बंद करायचं असतं! तेवढ्यासाठीच तर ती ऑनलाइन करतात. नवं मॉड्यूल सुरू होईल त्या दिवशी त्याने कोणता कागद रद्द झाला, हे प्राचार्यांच्या सहीच्या परिपत्रकात लिहा. लिहिता येत नसेल तर ते मॉड्यूल घेऊच नका. सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, पोरांना बळी देऊन मिळालेली ग्रेड गेटवर लावताना लाज वाटू द्या. प्राध्यापक मंडळींनो, तुम्हीही साळसूद नाही. आपला पासवर्ड लॅब असिस्टंटला देऊन त्याच्याकडून गुण भरून घेता आणि चुकले की पोर्टलला शिव्या घालता. ऑनलाइन शिकवायचं मूडल फुकट आहे. ग्रंथालयाचं कोहा फुकट आहे. एन-लिस्टचे, म्हणजे ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या वर्गणीचे, पैसे महाविद्यालय भरतं, त्यात किती जणांनी कधी लॉगिन केलं, ते ग्रंथपालांना विचारा, तो आकडा प्रत्येक महाविद्यालयात असतोच.

आणि संस्थाचालकांनो, पुढच्या खरेदीच्या आधी करारात तीन ओळी घाला: सगळा डेटा मागेल तेव्हा सीएसव्हीत, रकान्यांच्या यादीसह, फुकट मिळेल. अ‍ॅडमिन खातं महाविद्यालयाच्या डोमेनच्या ईमेलवरच असेल. कंपनी सोडताना तीन महिने मदत करेल. बजेटमध्ये देखभालीचा करार, यूपीएसच्या बॅटऱ्या (तीन-चार वर्षांत मरतात, यात नवल नाही) आणि एका पगारी सिस्टिम अ‍ॅडमिनची तरतूद करा. यातलं एकही जमत नसेल, तर त्या पैशात वर्गांचे पंखे दुरुस्त करा. पुढच्या उन्हाळ्यात निदान मुलं तरी बसतील.