नानांच्या विहिरीवरचा तवंग

धुळे-सोलापूर महामार्गाला लागून, बीड जिल्ह्यात, माझ्या चुलत्यांचं, म्हणजे नानांचं, वावर आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन वैशाखात तिथं डिझेलचा टँकर उलटला. गावातली पोरं कॅन-बादल्या घेऊन धावली, आणि नाना काठी घेऊन त्यांना मागं हाकलत होते. डिझेल होतं म्हणून निभावलं. २०१७ मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरचं पेट्रोल भरायला गेलेली दोनशेहून जास्त माणसं होरपळून मेली.

क्रेन आली, पंचनामा झाला, रस्ता मोकळा झाला. वावरात मुरलेल्या डिझेलकडं कुणी बघितलं नाही. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याखाली मुरूम, मग फटी पडलेला काळा पाषाण. विहिरीला पाणी येतं ते याच फटींतून; डिझेलही त्याच वाटेनं आलं. मृगाचे दोन पाऊस झाले आणि पाण्यावर तवंग दिसला. २०१६ च्या दुष्काळात तहसीलनं हीच विहीर अधिग्रहित केली होती. अर्धं गाव तिच्यावर जगलं होतं.

"इंधनाची पाइपलाइन आली की हे थांबेल," असं पुष्कळजण म्हणतात. मीही पाइपलाइनच्याच बाजूचा आहे. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीला आणि सोलापूरजवळच्या पाकणीला इंधन पाइपनंच येतं. तिथून पुढं आपल्या वाट्याला रस्ता. एकेका टँकरमध्ये १२ ते २४ हजार लिटर, त्यात घाट आणि रात्रीचा प्रवास. फेब्रुवारी २०२४ मध्ये संभाजीनगरात सिडकोच्या उड्डाणपुलापाशी गॅसचा टँकर दुभाजकाला धडकून गळू लागला, तेव्हा भर वस्तीत काय होऊ शकलं असतं, या विचारानं अजून झोप उडते.

पण टँकर उलटलेला निदान दिसतो. पाइप जमिनीखाली गळत राहतो. अमेरिकेत मिशिगनमध्ये जुलै २०१० ला तेलाची लाइन फुटली. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, तरी गळती ओळखायला सुमारे १७ तास गेले, आणि तोवर तेल कलामाझू नदीत पोचलं होतं. शिवाय पेट्रोलियम पाइपलाइनसाठीच्या १९६२ च्या कायद्यानं पाइपच्या पट्ट्याची जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते, पण तिथं त्याला विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. वापराच्या हक्काचा मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. एवढं देणाऱ्या शेतकऱ्याच्या पाण्याची हमी कोण घेणार?

नाना तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांना विचारलं, "हे त्याच टँकरचं कशावरून?" आधीच्या पाण्याची नोंदच नव्हती, काय दाखवणार? म्हणून मला वाटतं, लाइन टाकण्याआधी आणि महामार्गालगतच्या गावांत दरवर्षी विहिरींचं पाणी तपासून नोंद ठेवलीच पाहिजे. इंधन सांडलं तर पाऊस पडायच्या आत ती माती उचलून नेलीच पाहिजे. वास गेला म्हणजे पाणी सुधारलं असं नाही. इंधनातल्या बेंझीन या विषारी घटकाची पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, ती नाकाला कळत नाही.

नाना त्या विहिरीवर अजून मोटार लावतात, कापसापुरती. प्यायचं पाणी काकू शेजारच्या बोअरवरून डोक्यावर आणतात. बैल त्या हौदाला तोंड लावत नाहीत.