‘संगणक म्हणजे नुसता कारकून’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, सादर नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मूल इतिहासाचं असो, भूगोलाचं असो की मराठीचं, आपल्या विषयापुरती संगणकावरची आकडेमोड त्याला स्वतः करता यायला हवी. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि रागानं लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: संगणक हा भराभर काम उरकणारा कारकून आहे, त्याला विषय कळत नाही. मोडी वाचायला डोळा लागतो, मशीन नाही. रेशन दुकानात अंगठा जुळत नाही म्हणून म्हातारी माणसं रिकाम्या पिशवीनं परत जातात, ते आधी बघा. आणि तुम्ही आयटीवाले जिथं तिथं आपलं दुकान मांडता. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाचं हे म्हणणं दोन ओळींत उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

सर, मी आयटीवाला नाही. परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवतो. संगणकाकडे मी वळलो तो पावसामुळे.

२४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि हा आकडा महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, हवामान केंद्रावरून घेतात. आमचं केंद्र गावापासून बारा किलोमीटरवर. एका सप्टेंबरात रात्रभर पाऊस कोसळला. अंगणात राहिलेलं सरळ काठाचं पातेलं सकाळी भरून वाहत होतं. मी आत पट्टी उभी केली, दहा सेंटिमीटरच्या पुढे पाणी. शेतातल्या आखाड्यावर कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीखाली तळं साचलं, आणि चार दिवसांनी शेंगांना आतल्या आत कोंब फुटले. केंद्राचा आकडा मात्र ६५ च्या आतच राहिला. पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही. भाऊ म्हणाला, “तू भूगोल शिकवतोस ना, मग सांग की त्यांना.” मला सांगता येईना. पातेल्यातल्या पट्टीला पुरावा कोण म्हणतं?

पुढच्या पावसाळ्यात वर्गातल्या लेकरांनी आपापल्या गावी साधे पर्जन्यमापक बसवले. रोज सकाळी साडेआठला नोंद. एका दिवसाचा समपर्जन्यरेषांचा, म्हणजे सारखा पाऊस झालेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा हातानं काढायला माझी एक संध्याकाळ जाते. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. हे हातानं होण्यासारखं नव्हतं, म्हणून संगणक घेतला. इथवर तुमचं बरोबर आहे, तो कारकूनच होता. पण सगळे दिवस एकापाठोपाठ एक समोर आले तेव्हा आमचा प्रश्नच बदलला. ‘किती पाऊस झाला’ हे मागं पडलं आणि ‘केंद्राचा आकडा आपल्या गावाला किती दिवस लागू पडतो’ हे पुढं आलं. हा प्रश्न एका नकाशावरून सुचत नाही. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. मोजणं एका मर्यादेपलीकडे गेलं की विषयाला नवे प्रश्न फुटतात, आणि ते ओळखायला माणूस त्या विषयाचाच लागतो.

संबंधित कार्यालयात आमचे नकाशे मान्य झाले नाहीत, हेही सांगतो. पण ग्रामसभेत आता ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर बोलणं थांबत नाही. केंद्र कुठं आहे, मधे कुठं मोजलं जात नाही, हे लोक बोट ठेवून विचारतात.

हे फक्त पावसापुरतं नाही. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून पसरत येणारी अतिसूक्ष्म थरथर, टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांब असतील. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांत १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडली. तिनं भुजांच्या लांबीत केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता, आणि ध्वनीत बदलल्यावर ऐकू येण्याजोगा भाग सेकंदाचा पाचवा हिस्सा. भोवतालच्या खडखडाटात तो कान लावून कळणारा नव्हता. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना लहर कशी दिसेल याचे सुमारे अडीच लाख नमुने आधीच गणितानं मांडून ठेवले होते. आलेली नोंद त्यांच्याशी ताडून बघितली, तेव्हा ती पक्की ठरली. असे नमुने जुळवण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत तेव्हा असलेले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश हे दोघं आहेत. त्यांचं काम १९९१ चं, म्हणजे लहर सापडायच्या चोवीस वर्षं आधीचं. इथं आकडेमोड बाजूला काढली तर शोधच उरत नाही. सीटी स्कॅनचंही तसंच. त्यातल्या ‘सी’चा अर्थच मुळी ‘गणना केलेला’. क्ष-किरण अनेक बाजूंनी सोडायचे आणि आतलं चित्र गणितानं उभं करायचं. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा मेंदू असा बघितला गेला.

आता मोडी. इथं तुम्ही माझे गुरू आहात, म्हणून जपून लिहितो. गेल्या वर्षी एका जुन्या वाड्यातलं दफ्तर आमच्याकडे आलं. कागद फडक्यात बांधलेले, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मुलांनी एकेकाचे फोटो काढले आणि साल, गाव, क्षेत्र अशी यादी संगणकावर केली. मग सालवार मांडणी केली तर कितीतरी कागद १३०२ च्या आसपास गेले. म्हणजे देवगिरीला रामदेवराव यादव राज्य करत होता त्या काळात! कागदावर ‘सन १३०२ फसली’ होतं. निजामाच्या राज्यातलं महसुलाचं फसली साल, त्यात ५९० मिळवले की १८९२ येतं. यंत्रानं चूक केली नव्हती, त्याला दिलं तेच त्यानं मांडलं. चूक आमची, कारण त्या खोलीत इतिहासाचा माणूस नव्हता. तुमचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. तुम्ही म्हणता, म्हणून संगणक दूर ठेवा. मला वाटतं, म्हणून तुम्ही खोलीत या.

२०२३ मध्ये सरकार कुणबी नोंदी शोधायला निघालं तेव्हा मराठवाड्यात काय धावपळ झाली ते तुम्ही पाहिलंय. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. यंत्राला हे शिकवायचं तर जाणत्या माणसानं वाचून दिलेल्या हजारो ओळी लागतात. असे जाणते आपल्याकडे किती राहिले, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

रेशनच्या अंगठ्याबद्दल मी वाद घालणार नाही. खुरपून आणि ऊस तोडून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला लागत नाहीत, ही गोष्ट गावातली कुठलीही बाई सांगू शकली असती. तिला विचारायला हवं होतं. आमच्या गल्लीतल्या एका आजीबरोबर मी तीनदा दुकानावर गेलो आहे, आणि तिसऱ्यांदाही तिला धान्य मिळालं नव्हतं. याचा मला तुमच्याइतकाच राग आहे. आणि म्हणूनच ही यंत्रं फक्त यंत्रवाल्यांच्या हाती राहू नयेत असं वाटतं.

शनिवारी दुपारी दोननंतर मुलं दफ्तर घेऊन बसतात. तुम्ही आलात तर त्यांना फार बरं वाटेल. एका कागदावर ‘मौजे’ हा शब्द नीट लागतो, पण पुढचं गावाचं नाव तीन जणांनी तीन तऱ्हेनं वाचलंय. पहिलं अक्षर ‘व’ असावं असं मला वाटतं, मुलं ‘ब’ म्हणतात. त्या कागदाचा फोटो आज संध्याकाळी तुम्हाला पाठवतो.